बिऱ्हाडकरू आणि दिंडी दरवाजा

संपादकांचे पत्र आले की आमच्या घरात दिवाळी सुरू होते. फराळाचे नंतर, आधी लेखाचे. यंदा तर त्यांनी लेखाबरोबर छायाचित्रही मागितले. "आपल्या जुन्या वाड्याचा एखादा फोटो असल्यास धाडावा, लेखास शोभा येईल." लेखाला स्वतःची अशी काही शोभा नसते, हे त्यांनी किती सभ्यपणे सांगितले पाहा!

फोटो होता. आजोबांच्या वेळचा, कडा वाळवीने कुरतडलेल्या. तो स्कॅन करून संगणकात ठेवलेला होता; कुरतडलेल्या कडा कापल्या की काम झाले. माझ्या संगणकावर लिनक्स आहे. यात माझी विद्वत्ता काही नाही. संगणक जुना झाला म्हणून मी तो टाकायला निघालो होतो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, टाकू नका. मी यात लिनक्स घालून देतो, अजून पाच वर्षे चालेल." तेव्हापासून तो चालतो आहे आणि मी त्याच्यामागून चालतो आहे.

चित्रे कापण्याचा एक प्रोग्राम त्याने घालून दिला होता. मी तो उघडला, फोटो माउसने उचलला आणि त्याच्या खिडकीत नेऊन टाकला. प्रोग्रामने निर्विकारपणे उत्तर दिले, की अशी फाइल अस्तित्वात नाही.

आता काय म्हणावे! फाइल माझ्या डोळ्यांसमोर आहे, तिच्यातला वाडा मला दिसतो आहे, आणि हा गृहस्थ मला सांगतो की वाडा नाहीच. पुन्हा टाकली. पुन्हा तेच. भाच्याला फोन केला तर तो कचेरीत होता. "संध्याकाळी येतो, तोवर कशाला हात लावू नका," म्हणाला. पण लेखक मंडळींना शेवटच्या दिवशी जो धीर सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. शेजारच्या इमारतीत एक चुणचुणीत तरुण आहे, त्याला बोलावले. त्याने उभ्या उभ्याच पाहिले आणि हसून म्हणाला, "काका, याला तुमचे फोल्डर दिसतच नाहीत. फ्लॅटसील नावाचे ॲप आहे ना, त्यात परवानग्या असतात. देऊन टाका सगळ्या." त्याने 'सर्व ॲप्लिकेशन्स' असे लिहिलेले ठिकाण दाखवले, त्यात 'वापरणाऱ्याच्या सर्व फाइली' असे एक बटण होते, ते दाबले. फोटो उघडला. कडा कापल्या. तरुणाला चहा पाजला. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम.

संध्याकाळी भाचा आला, मी मोठ्या अभिमानाने त्याला हकिगत सांगितली, आणि त्याने कपाळावर हात मारला.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही एका बिऱ्हाडकरूला माजघरातला आरसा बघायचा होता म्हणून चाळीस बिऱ्हाडकरूंना अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या वाटल्यात."

भाचा वाड्यात राहिलेला नाही, पण मामाशी बोलताना वाड्याचीच भाषा वापरावी लागते हे तो शिकला आहे. मग त्या रात्री त्याने जे समजावून सांगितले, आणि पुढे आठ दिवस मी स्वतः जे वाचून काढले, तेच आज या सदरात मांडतो. विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्याच्या घरी संगणक आहे त्याला आज ना उद्या या प्रश्नाशी गाठ आहेच.

मुळापासून सांगायचे तर लिनक्सची जी थोरली आजी, युनिक्स, ती १९६९ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीत जन्माला आली. त्या काळी संगणक एक आणि वापरणारी माणसे अनेक, असा मामला असे. तेव्हा भीती होती ती माणसाची माणसाला. गोविंदरावांचे कागद गोपाळरावांनी चाळू नयेत, एवढ्यासाठी सारी कुलपे होती. पण गोविंदरावांनी जो प्रोग्राम चालवला तो गोविंदरावांचा गडी. तो मालकाचे काहीही उघडू शके, वाचू शके, पुसून टाकू शके. ते ठीकही होते, कारण तो प्रोग्राम बहुधा गोविंदरावांनी स्वतःच लिहिलेला असे, नाहीतर पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने.

आज चित्र नेमके उलटे झाले आहे. संगणकापुढे माणूस एकच बसलेला, आणि प्रोग्राम मात्र तीस-चाळीस, ते लिहिणारे लोक जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसलेले, त्यांची तोंडेही आपण पाहिलेली नाहीत. कुलपे मात्र अजून १९६९ चीच. गोपाळरावांपासून माझे कागद सुरक्षित. पण आमच्या घरी गोपाळराव आहेत कुठे? माझ्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम माझी सगळी दप्तरे उघडू शकतो. पत्ते खेळण्याचा प्रोग्राम माझे मृत्युपत्र वाचू शकतो. तो वाचतो असे मी म्हणत नाही. वाचायचे ठरवले तर त्याला अडवणारे कोणी नाही, एवढेच.

हे काही कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. १९७५ सालीच जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका प्रसिद्ध निबंधात लिहून ठेवले होते की प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, जास्त नसावेत. अगदी आजीबाईंच्या शहाणपणाची गोष्ट! पण ती घराघरांतल्या लिनक्सच्या संगणकावर उतरायला चाळीस वर्षे लागली. मधल्या काळात लिनक्सच्या गाभ्यात एकेक सामान जमत गेले. एखाद्या प्रोग्रामला सबंध घराऐवजी घराचा एक तुकडाच 'सारे जग' म्हणून दाखवण्याची युक्ती २००२ साली आली. ती सामान्य वापरणाऱ्यालाही सर्वाधिकाराशिवाय वापरता यावी अशी सोय २०१३ साली झाली. हे सारे जोडून अलेक्झांडर लार्सन नावाच्या स्वीडिश प्रोग्रामरने एक योजना उभी केली. आधी तिचे नाव एक्सडीजी-ॲप असे होते, जे कोणाच्याही जिभेवर बसले नसते. २०१६ साली तिला फ्लॅटपॅक म्हणू लागले आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिची १.० आवृत्ती निघाली. आज लिनक्सवर बरेचसे प्रोग्राम फ्लॅटहब नावाच्या कोठारातून या खोक्यांत बांधून येतात. अशीच दुसरी योजना कॅनॉनिकल कंपनीची, तिचे नाव स्नॅप. पण माझ्या घरी बिऱ्हाडे पहिल्या जातीची आहेत, म्हणून तिच्याविषयीच बोलतो.

या व्यवस्थेला 'सँडबॉक्स' म्हणतात, म्हणजे मुलांना खेळायला आखून दिलेला वाळूचा चौकोन. पोराने आत हवा तो किल्ला बांधावा, बाहेर वाळू उडवू नये. पण मला भाच्याचा वाडाच जास्त पटला. प्रत्येक प्रोग्रामला एक खोली. खोलीत त्याची भांडीकुंडी त्याने स्वतः आणलेली, म्हणजे त्याला लागणारी सामुग्री तो बरोबर घेऊन येतो. काही सामाईक मोठी भांडी चार बिऱ्हाडे मिळून वापरतात, त्याला 'रनटाइम' म्हणतात. पहिला प्रोग्राम घेताना म्हणूनच कधीकधी शेकडो मेगाबाइटांचे ओझे येते आणि माणूस म्हणतो, एवढ्याशा कॅल्क्युलेटरला एवढे सामान? पुढच्या बिऱ्हाडकरूच्या वेळी ते ओझे कमी होते. खोलीला एक कोनाडा असतो, प्रोग्रामने आपले किडूकमिडूक तिथे ठेवावे. आणि खोलीला खिडकी नाही. तुमचे फोटो, पत्रे, हिशेब हे त्याच्या दृष्टीने जगातच नाहीत. तो मला "फाइल अस्तित्वात नाही" म्हणाला ते खोटे नव्हते. त्याच्या खोलीत खरोखरच वाडा नव्हता.

आता तुम्ही विचाराल, बिऱ्हाडकरूला काहीच दिसत नसेल तर तो काम काय करणार? इथेच या योजनेतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट आहे.

आमच्या वाड्याला मोठा दरवाजा होता. लग्नकार्याला आणि बैलगाडीला तो उघडायचा. एरवी त्याला मोठा अडसर घातलेला असे, आणि त्या दरवाजातच एक लहान दिंडी दरवाजा होता, एका वेळी एक माणूस वाकून आत येईल एवढा. आत देवडीवर म्हातारा सखाराम बसे. बाहेरचा मनुष्य त्याला सांगे, अमुक पुस्तक हवे. सखाराम आत वर्दी देई. आजोबा स्वतः उठून कपाटातून पुस्तक काढत आणि सखाराम ते दिंडीतून बाहेर देई. मागणाऱ्याला पुस्तक मिळे, पण कपाट कुठे आहे आणि त्यात आणखी काय काय आहे ते कळत नसे.

लिनक्सवरच्या या दिंडी दरवाजांना 'पोर्टल' म्हणतात. खोलीतल्या प्रोग्रामने 'फाइल उघडा' म्हटले की जी खिडकी तुमच्यासमोर येते, ज्यात तुम्ही फोल्डर चाळता, ती खिडकी त्या प्रोग्रामची नसतेच. ती डेस्कटॉपची, म्हणजे तुमच्या घराची असते. ती खोलीबाहेर उघडते. तुम्ही तीत सारे घर पाहता, प्रोग्राम मात्र ताटकळत दाराशी उभा. तुम्ही एका फोटोवर बोट ठेवता, आणि तेवढा एकच फोटो आत सरकवला जातो. तोही खऱ्या पत्त्याने नाही; अर्थहीन अक्षरांचा संकेत घातलेल्या एका बनावट पत्त्यावर तो त्याला दिसतो. शेजारी काय होते, याचा त्याला पत्ता लागत नाही.

यातली खुबी लक्षात आली का? परवानगी मागणारा प्रश्नच इथे नाही! "हा प्रोग्राम तुमच्या फाइली वाचू इच्छितो, होय की नाही?" असे कोणी विचारीत नाही. अशा प्रश्नाला आपण काय उत्तर देतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. काम अडलेले असते, मग होय, होय, होय. इथे तुम्ही आपले काम केलेत, म्हणजे फोटो निवडलात, तीच परवानगी झाली. युक्ती फ्लॅटपॅकचीच एकट्याची नाही. ॲपलने २०११ साली मॅकच्या 'लायन' आवृत्तीत असेच काही 'पॉवरबॉक्स' या नावाखाली केले होते. पण ज्याने कोणी ती पहिल्यांदा सुचवली त्याला माणसाचा स्वभाव कळला होता यात शंका नाही.

"मग माझा फोटो का नाही उघडला?" मी विचारले.

"कारण तुम्ही दिंडीतून दिलाच नाहीत. माउसने उचलून भिंतीवरून फेकलात," भाचा म्हणाला. "ओढून टाकलेली फाइलही दिंडीतून न्यायची सोय आहे, पण ती प्रोग्रामने शिकून घ्यावी लागते. याने शिकलेली नाही. तुम्ही 'उघडा' म्हटले असते तर उघडला असता."

म्हणजे एक शब्द दाबायचा तो न दाबता मी चाळीस किल्ल्या वाटल्या होत्या. तरीही मला फारसे काही वाटले नाही, हे कबूल करतो. वाचले कोणी माझे मृत्युपत्र, तर त्यात पाहण्यासारखे आहे काय? जुना वाडा कधीच गेला. उरलेली पुस्तके कोणाला नको आहेत. "माझ्याजवळ लपवण्यासारखे काही नाही," असे मी जरा ऐटीतच म्हणालो.

तेव्हा आतापर्यंत गप्प बसून चकलीची भाजणी चाळत असलेली आमची ही बोलली. "तुमच्याजवळ नसेल. पण ती पत्रे?"

वाचकहो, इथे मला जरा थांबावे लागते. या सदराला येणारी तुमची पत्रे आमच्या घरी कशी ठेवली जातात ते मी कधी सांगितलेले नाही. हल्ली बरीचशी ई-मेलने येतात. टपालाने येणारी ही स्कॅन करते आणि सालवार फोल्डरांत लावते. त्यातली पुष्कळशी लेखाविषयी नसतातच. कोणी मुलाच्या व्यसनाबद्दल लिहिते. एका बाईंनी सहा पानी पत्रात सासरची जी हकिगत लिहिली होती ती त्यांनी आईलाही सांगितली नव्हती, असे त्यातच लिहिले होते. 'छापू नये' असे कित्येकांवर अधोरेखित केलेले असते. मी ते पाळले आहे. बारा-तेरा वर्षांत एक ओळही छापलेली नाही. आणि त्या दिवशी दुपारी एका तरुणाला चहा पाजता पाजता मी ती सगळी पत्रे चाळीस अनोळखी प्रोग्रामांपुढे उघडून ठेवली होती. एका फोटोच्या कडा कापायच्या म्हणून!

नुकसान काही झाले का? झाले असेल असे मला वाटत नाही. ते प्रोग्राम लिहिणारे बहुतेक सज्जन लोक आहेत, पदरमोड करून लिहितात. पण हिचे म्हणणे वेगळेच होते आणि त्याला मला उत्तर सुचले नाही. ती म्हणाली, "किल्ली द्यायची तर आपल्या ट्रंकेची द्या. लोकांनी ठेवायला दिलेल्या ट्रंकेची किल्ली तुम्ही कोण देणार?"

रविवारी आम्ही तिघे परवानग्या निस्तरायला बसलो. फ्लॅटसीलमध्ये 'पूर्ववत करा' असे बटण आहे, ते दाबले की आपण केलेला घोळ पुसला जातो. (हे फ्लॅटसील स्वतःही एका खोलीतच राहते, फक्त किल्ल्यांच्या जुडग्याला हात लावायची मुभा त्याला असते. केडीई प्लाझ्मा नावाचा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना २०२३ सालच्या ५.२७ आवृत्तीपासून हेच त्यांच्या सेटिंगमध्ये मिळते.) माझा घोळ एका क्षणात पुसला. पण त्याखाली जे दिसले त्याने भाचाही गंभीर झाला. कित्येक बिऱ्हाडकरू राहायला येतानाच वाड्याच्या किल्ल्या घेऊन आले होते! मी न देताच.

त्याचे असे आहे. ज्याने प्रोग्राम खोक्यात बांधला तो खोक्याबरोबर एक यादी जोडतो: याला आंतरजाल लागेल, ध्वनी लागेल, अमुक फोल्डर लागेल. ती यादी बसवतानाच मान्य होते. नवे प्रोग्राम दिंडीशी बोलायला शिकलेले असतात, त्यांची यादी दोन ओळींची. पण पुष्कळ प्रोग्राम या व्यवस्थेच्या आधी जन्मलेले; ते थेट कपाट उघडायच्या सवयीचे. त्यांना पुन्हा लिहायचे तर मनुष्यबळ नाही. मग बांधणारा सरळ लिहितो: सारे घर. २०१८ सालीच एका टीकाकाराने यावर झोड उठवली होती, की मोठमोठ्या नावाजलेल्या प्रोग्रामांना घरभर लिहिण्याची मुभा आहे, मग ही खोली कसली? त्याचे म्हणणे खरे होते. घरात लिहिण्याची मुभा म्हणजे काय ते पाहा. तुमच्या होम फोल्डरात टर्मिनलसाठी एक लपलेली फाइल असते. टर्मिनल उघडले की तिच्यातल्या आज्ञा आपोआप पाळल्या जातात. खोलीतल्या प्रोग्रामने तीत एक ओळ लिहून ठेवली की पुढच्या वेळी ती ओळ खोलीबाहेर, तुमच्या पूर्ण अधिकाराने चालते. कैद्याने जेलरच्या वहीत आपल्याच सुटकेचा हुकूम लिहावा तशातला प्रकार.

शिवाय भिंतींचेही पाहिले पाहिजे. डेस्कटॉपवर खिडक्या रंगवण्याची जुनी पद्धत एक्स नावाची, १९८४ साली निघालेली. तिच्यातल्या भिंती म्हणजे जुन्या चाळीतली लाकडी पार्टिशने, छतापर्यंत न पोचणारी. एका खोलीत दाबलेली कळ दुसऱ्या खोलीत ऐकू जाते. एक प्रोग्राम दुसऱ्याची खिडकी पाहू शकतो. वेलँड नावाच्या नव्या पद्धतीत भिंती छतापर्यंत गेल्या. तिथे पडद्याचे चित्र घ्यायचे तरी दिंडीवर वर्दी द्यावी लागते, आणि घरमालकाने कुठली खिडकी दाखवायची ते निवडावे लागते. ज्याला जुन्या एक्सची मुभा दिली आहे त्याच्या खोलीला कितीही कुलपे लावा, कान उघडेच.

आम्ही एकेक प्रोग्राम घेऊन दोनच प्रश्न विचारायचे ठरवले. हा माझे घर पाहू शकतो का? आणि हा बाहेर निरोप धाडू शकतो का? आंतरजालाची मुभा इथे सगळी किंवा मुळीच नाही अशीच असते. अमक्याच पत्त्यावर पत्र टाक, असे सांगता येत नाही. तेव्हा ज्याला घर दिसते त्याला शक्यतो टपाल नको, आणि ज्याला टपाल लागते त्याला घर नको. दोन्हीही असलेले अकरा निघाले. चित्रे कापणाऱ्याला आंतरजाल कशाला हवे, मला अजून कळलेले नाही. काढून घेतले. तो बिचारा पूर्वीसारखाच कापतो आहे.

मात्र सगळेच असे गुमान ऐकत नाहीत, आणि हे न सांगितले तर मी तुम्हाला फसवल्यासारखे होईल. चित्रपट दाखवणाऱ्या प्रोग्रामकडून घर काढून घेतले. चित्रपट सुरू झाला, पण खालची भाषांतराची अक्षरे गेली. कारण काय, तर ती अक्षरे चित्रपटाच्या शेजारी वेगळ्या फाइलीत असतात; मी दिंडीतून दिला तो एकटा चित्रपट. शेजारचे त्याला दिसेना. फोटो पाहण्याच्या प्रोग्रामात 'पुढचा' म्हटले तर पुढचा फोटोच नाही, कारण त्याच्या जगात फोटो एकच. एका प्रोग्रामला घराचा रंगही माहीत नव्हता: सगळ्या खिडक्या सावळ्या आणि ही एकच पांढरीफटक. डेस्कटॉपवरचा पोशाख घराच्या कपाटात असतो आणि कपाट खोलीतून दिसत नाही, म्हणून तो पोशाख खोल्यांसाठी वेगळा शिवून घ्यावा लागतो. निदान 'मालकाला काळोखी आवडते' एवढा निरोप आता एका दिंडीतून आत जातो आणि शहाणे प्रोग्राम तो ऐकतात.

मराठी लिहिणाऱ्यांची एक वेगळीच गोष्ट. देवनागरी अक्षरांचे टंक घरचेच खोलीतही दिसतात, नुसते वाचण्यापुरते. तेव्हा मराठी मजकूर दिसण्याचा प्रश्न येत नाही. पण लिहायचे कसे? इंग्रजी कळा दाबून मराठी अक्षरे उमटवायची तर मधे एक कारकून लागतो. लिनक्सवर या कारकुनाचे नाव बहुधा आयबस. तो खोलीबाहेर बसतो, तुमची प्रत्येक कळ पाहतो आणि जोडाक्षर तयार करून देतो. जो मनुष्य सगळ्यांची सगळी पत्रे लिहून देतो त्याच्याशी कोणी किती बोलावे हा नाजूकच प्रश्न. म्हणून आयबसनेही आपली एक लहानशी दिंडी ठेवली: खोलीतून कळ द्यावी, अक्षर घ्यावे, बाकीचे विचारू नये. हा लेख मी त्याच दिंडीतून लिहितो आहे. पूर्वी एका प्रोग्रामात 'ज्ञ' काही केल्या उमटत नव्हता तो का, याचा उलगडा मला त्या रविवारी झाला.

शेवटी हिनेच तोड काढली. होम फोल्डरात एक नवे फोल्डर केले आणि त्याला नाव दिले 'ओसरी'. ज्या प्रोग्रामांना शेजारचे दिसल्याशिवाय भागत नाही त्यांना तेवढी ओसरी दिली. चित्रपट आणि त्याची अक्षरे ओसरीवर. कापायचे फोटो ओसरीवर. पाहुणा ओसरीवर बसतो, माजघरात येत नाही; काम झाले की ओसरी झाडून घ्यायची. पत्रांचे फोल्डर ज्याला दिसते असा खोलीतला प्रोग्राम आता एकही नाही. पत्र वाचायचे तर मी 'उघडा' म्हणतो आणि एक पत्र दिंडीतून जाते.

देवडीवरचा सखारामही माणूसच होता, हेही सांगतो. २०२१ च्या जानेवारीत फ्लॅटपॅकच्या दिंडीतच एक खिंडार सापडले: खोलीतला प्रोग्राम नवी खोली मागताना बरोबर अशी एक चिठ्ठी देऊ शके की तिच्या बळावर तो खोलीबाहेरच पडे. ते लगेच बुजवले. २०२२ च्या जानेवारीत तर याहून मासलेवाईक दोष उघडकीस आला. खोक्याच्या यादीत एक अदृश्य अक्षर घातले की बसवताना मालकाला दिसणारी यादी वेगळी, आणि प्रत्यक्षात मिळणाऱ्या मुभा वेगळ्या! २०२४ च्या एप्रिलमध्ये आणखी एक. तिन्ही दोष दुरुस्त झाले आणि जाहीरपणे सांगितले गेले, हे त्या मंडळींना भूषणावहच आहे. पण म्हणून अपडेट आले की 'नंतर पाहू' म्हणण्याची माझी जुनी खोड मी सोडली.

आणि ते रंगीत इशारे? नोम डेस्कटॉपच्या दुकानात २०२१ पासून प्रत्येक प्रोग्रामवर सुरक्षित-असुरक्षित असा शिक्का असतो. मला त्याचा फार उपयोग झाला नाही. घराची मुभा मागणाऱ्या प्रत्येक जुन्या, भल्या प्रोग्रामवर इशारा असला की चार दिवसांत डोळ्याला त्याची सवय होते. त्यापेक्षा किल्ली काढून घ्यावी आणि काय बिघडते ते पाहावे. बिघडले तर परत देता येते. आमच्या अकरांपैकी नऊ जणांचे काहीच बिघडले नाही.

शेजारच्या तरुणाला मी हे सगळे ऐकवले. तो जरा ओशाळला आणि म्हणाला, "काका, मी माझ्याकडेही तसेच करून ठेवले आहे." मग त्याच्याकडेही एक ओसरी झाली.

फोटो मी संपादकांकडे धाडला. चौथ्या दिवशी उत्तर आले: "छायाचित्र पोचले. उत्तम आहे. परंतु जाहिराती वाढल्यामुळे जागेअभावी छापता येत नाही. वाड्याचे वर्णन कृपया लेखातच यावे."

वाड्याला मोठा दरवाजा होता आणि त्यात एक दिंडी होती, एवढे वर सांगितलेच आहे.